भिशीचा ग्रुप, चाळीस जणं आणि दोन दिवसांची मुंबई: बसने कसं जमवावं?

कृष्णाकाठ_वाई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण वेळ काढून वाचा प्लीज. आमची वाईत भिशी आहे, बरीच वर्षं चाललीये, आणि यंदा सगळ्यांनी मिळून ठरवलं की भिशीतून थोडे थोडे बाजूला काढायचे आणि एकदा सगळ्यांनी मिळून मुंबई बघून यायची. चाळीसेक जणं होतोय. बहुतेक बायकाच, सोबत चौथी ते आठवीतली सहा-सात पोरं आणि सत्तरी ओलांडलेल्या चौघी जणी. त्यातल्या दोघींनी समुद्र अजून टीव्हीवरच बघितलाय, त्यामुळे हे काहीही करून व्हायलाच पाहिजे असं मला फार वाटतंय.

मांढरदेवची यात्रा आणि संक्रांतीची गडबड उरकली की लगेच येणारा शनिवार-रविवार धरलाय, कारण पुढे हळदीकुंकवं, मग लग्नसराई, मग पोरांच्या परीक्षा, परत कुणाचं जमायचं नाही.

एका ट्रॅव्हल्सवाल्याने सुचवलंय की शुक्रवारी रात्री दहाला निघायचं, पहाटे चारला मुंबई, कुठेतरी फ्रेश व्हायचं आणि दिवसभर फिरायचं, शनिवारी मुक्काम, रविवारी परत दिवसभर फिरून रात्री दहाला निघायचं म्हणजे सोमवारी सकाळी घरी. म्हणजे एकच रात्र लॉजचं भाडं. ऐकायला बरं वाटतंय पण मनाला पटत नाहीये.

यादी अशी झालीये, प्रत्येकीने एकेक घातलंय: सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजीअली, चैत्यभूमी (आमच्यातल्या काही जणींना इथे आवर्जून जायचंच आहे, बाकी काही नाही झालं तरी चालेल म्हणतात), राणीची बाग, मत्स्यालय, गेटवे, एलिफंटा, म्युझियम, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, मरीन ड्राइव्ह, जुहू, नटांचे बंगले आणि खरेदी. यातलं किती होईल? मुक्काम कुठे करावा? खासगी बस घ्यावी का एसटीची? माहितगारांनी सांगा.

गिरगावकर

ताई, बाकीचं नंतर, आधी तारीख बदला. संक्रांतीनंतरचा पहिला रविवार म्हणजे १५ ते २१ जानेवारीच्या मधला, म्हणजे महिन्याचा तिसरा रविवार, आणि त्याच दिवशी मुंबई मॅरेथॉन असते. पहाटेपासून दुपारपर्यंत सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजीअली, वरळी, माहीम या पट्ट्यातले रस्ते बंद किंवा वळवलेले असतात. नेमकी तुमची अख्खी यादी त्याच पट्ट्यात आहे. आम्हा इथल्या माणसांना त्या दिवशी रस्ता ओलांडायला थांबावं लागतं, तुमची बस तर कुठल्या कुठे अडकून बसेल.

त्याच्या पुढचा आठवडा २६ जानेवारीला चिकटतो, एक्स्प्रेसवे आणि गेटवे दोन्हीकडे मुंगीला शिरायला जागा नसते. जानेवारी संपताना आणि फेब्रुवारी लागताना काळा घोडा फेस्टिवल असतो, बघण्यासारखा आहे पण चाळीस माणसांची मोट बांधून तिथे जाऊ नका, म्युझियमचा सगळा परिसर भरलेला असतो. तो संपल्यावरचा एखादा शनिवार-रविवार बघा. हवा पण छान असते तेव्हा. फक्त महाशिवरात्र टाळा, घारापुरीला (म्हणजे एलिफंटालाच) त्या दिवशी यात्रा असते.

आणि मत्स्यालय यादीतून काढा, तारापोरवाला बंद आहे. पोरांना आधीच सांगून ठेवा म्हणजे हिरमोड नको.

घाटवाट

टुरिस्ट गाड्यांच्या धंद्यात आयुष्य गेलं माझं, आता मुलगा बघतो, त्यामुळे बसपुरतं मी सांगतो.

रात्री निघू नका. कोणी कितीही पैसे वाचवून दाखवले तरी नाही. शुक्रवारी रात्री तुमच्या दारात जी गाडी लागते तिचा ड्रायव्हर दिवसभर कुठली ट्रिप मारून आलाय ते तुम्हाला कोणी सांगत नाही. पहाटे तीन ते पाच ही वेळ ड्रायव्हरच्या जिवावरची असते, डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. १५ एप्रिल २०२३ ला पुण्याचा कार्यक्रम उरकून गोरेगावला निघालेल्या झांजपथकाची बस बोरघाटात शिंगरोबाच्या देवळाजवळ दरीत गेली, पहाटेचीच वेळ. डझनाच्या वर जीव गेले, बहुतेक कोवळी पोरं. त्याच वर्षी १ जुलैला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ ट्रॅव्हल्स उलटून पेटली, २५ माणसं गेली, तीही मध्यरात्र उलटल्यावर. आमच्या धंद्यातली माणसं अजून त्या दोन्ही गाड्यांबद्दल बोलतात. तुम्ही चाळीस जणी, त्यात पोरं आणि म्हाताऱ्या, एका लॉजच्या भाड्यासाठी हा धोका घेण्यात काही अर्थ नाही.

शनिवारी पहाटे साडेचारला निघा. सुरूरला हायवेला लागायचं, खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, आणि नवले पूल सव्वासहा-साडेसहाला मागे टाकायचा, तिथे उशीर झाला की पुढचं सगळं गणित बिघडतं. खालापूरच्या फूडमॉलला चहा-नाश्ता आणि बाथरूम. शनिवारी सकाळी घाटात जी गर्दी होते ती मुंबईहून लोणावळ्याकडे येणाऱ्यांची, तुम्ही उलट बाजूला. रविवारी संध्याकाळी ती सगळी मुंबईला परतत असतात, तेव्हाही तुम्ही उलट बाजूला. त्यामुळे दिवसा प्रवास केलात तरी फार हाल होणार नाहीत. अकरापर्यंत मुंबईत आरामात पोचता.

आता गाडी ठरवताना. चाळीस माणसं आहेत तर ४५ सीटर पुशबॅक घ्या, स्लीपर अजिबात नको, दिवसाच्या प्रवासाला त्याचा उपयोग नाही आणि म्हाताऱ्या माणसांना वरच्या बर्थवर चढवणार कोण. पोरं मांडीवर धरू म्हणून पस्तीस सीटमध्ये चाळीस कोंबू नका. किलोमीटरचा रेट, दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार (बहुतेक जण ३०० धरतात), ड्रायव्हर-क्लिनरचा भत्ता, टोल, पार्किंग, हे एकेक वेगळं लिहून घ्या. "सगळं त्यात आलं" असं जो म्हणतो त्याचं परत येताना निघतं. मुंबईच्या पाच नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल माफ आहे, खासगी बसला नाही, त्यामुळे तो धरूनच चला. परमिट, फिटनेस, इन्शुरन्स याची झेरॉक्स मागा, चांगला मालक लगेच देतो.

आणि एक काम नक्की करा. आदल्या दिवशी गाडी उजेडात बघायला मागा आणि संकटकाळी बाहेर पडायचा जो दरवाजा असतो तो स्वतः उघडून बघा. हो, स्वतःच्या हाताने. कित्येक गाड्यांत तिथे जादा सीट टाकलेली असते नाहीतर खटका गंजून बसलेला असतो. निघण्याआधी सगळ्यांना तो दरवाजा आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते दाखवा, पोरांना सुद्धा. डिकीत गॅसची शेगडी-सिलिंडर घेऊन "वाटेत पोहे करू" असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा.

एसटीचं म्हणाल तर आगारात प्रासंगिक करारावर गाडी मिळते, लग्नाला सहलीला लोक घेतात तशीच. ड्रायव्हरची ड्यूटी तिथे नियमाने लागते हा मोठा फायदा, पुशबॅकचा आराम मात्र साध्या लालपरीत नाही. ती आकारणी किलोमीटरवर होते, त्यामुळे बायकांना अर्धं तिकीट असतं ना असं डोक्यात ठेवून हिशोब करू नका, ते रोजच्या फेऱ्यांच्या तिकिटाला. माझं मत विचाराल तर आगारात जाऊन कोटेशन घ्या, खासगीचं घ्या, आणि शेजारी ठेवून बघा.

सुनंदा_वाशी

मुक्काम वाशी-नेरुळकडे करा, दादर किंवा दक्षिण मुंबईत नको. तुम्ही पनवेलकडूनच येणार, म्हणजे वाशी वाटेवर, खोल्या त्यामानाने स्वस्त आणि मुख्य म्हणजे बस रात्री उभी करायला जागा मिळते. दक्षिण मुंबईत खासगी बसवर दिवसा निर्बंध असतात आणि पार्किंग तर विचारूच नका, त्यामुळे ट्रॅव्हल्सवाल्याला आधीच सांगा की ट्रॅफिक पोलिसांचा सध्याचा नियम बघून गाडी कुठे सोडणार आणि कुठे उभी करणार ते नावानिशी सांग. खोल्या घेताना एका खोलीत चौघींपेक्षा जास्त नको, पैशाचा प्रश्न नाही, सकाळी सहाला निघायचं असेल आणि आठ जणींना एक बाथरूम असेल तर शेवटची बाई साडेआठला बाहेर पडते. सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये लावून एकीकडे द्या, काउंटरवर चाळीस पर्स उघडायला लागत नाहीत.

आता जे कोणी लिहिणार नाही ते मी लिहिते. बाथरूम. बायकांच्या ट्रिपचं निम्मं प्लॅनिंग हेच असतं आणि आपण ते शेवटी करतो. मुंबईत बायकांनी २०११ पासून "राइट टू पी" म्हणून मोहीम चालवली ती उगाच नाही. बाहेर जायचं असलं की आपल्याकडच्या मोठ्या बायका काय करतात, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. तोंड कोरडं पडलेलं दिसतं, विचारलं तर म्हणतात "नको गं, तहान नाही", आणि दुपारी दोनला उन्हात चक्कर येऊन खाली बसतात. म्हणून कुठे सोय आहे ते आधी ठरवा आणि सगळ्यांना सकाळीच सांगा: खालापूर फूडमॉल, राणीची बाग, मेट्रोची स्टेशनं, म्युझियम. मरीन ड्राइव्हला जायच्या आधी चर्चगेटलाच उरकून घ्यायचं, कारण एकदा कठड्यावर बसलं की लांब चालत जावं लागतं. दर दोन-अडीच तासांनी थांबायचंच, कोणी मागितलं नाही तरी. सुट्टे पैसे एका पाकिटात, पॅड्स आणि जादा साडी-गाउन असलेली एक पिशवी बसमध्ये वरच हाताशी ठेवा, डिकीत नाही.

हजेरी नावाने घेत बसू नका, चाळीस नावं घेईपर्यंत दोघी परत खाली उतरतात. जोड्या लावा. प्रत्येकीने आपली जोडीदार आलीये का एवढंच सांगायचं. आज्यांची जोडी तरण्या सुनेशी नाही तर मुलीशी, म्हणजे मोकळेपणाने बोलतात. पोरांच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी.

डबलडेकर

तुमची यादी दोन दिवसांत होणार नाही ताई, निम्मी करा. जुहू आणि बंगले सोडा, ती मुंबईची दुसरी बाजू आहे, जाऊन येऊन तीन-चार तास रस्त्यात जातील आणि बघायला काय मिळणार तर बंद गेट. हँगिंग गार्डन आणि बूट या खेपेला राहू द्या. हाजीअलीला जायचं तर भरतीची वेळ बघावी लागते, वाट पाण्याखाली जाते.

शनिवार. पनवेलकडून येताना अटल सेतूवरून या. २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातला साडेसोळा समुद्रावर, जानेवारी २०२४ ला सुरू झाला. टोल बसला कारच्या तिपटीहून जास्त बसतो पण चाळीस जणांत वाटला तर काही नाही, आणि ज्यांनी समुद्र बघितला नाही त्यांना आधी हाच बघू दे, दोन्ही बाजूंनी. गाडी मध्ये थांबवायची नाही, फोटो चालत्या गाडीतून. ड्रायव्हरला सांगून ठेवा की बसला पुढे ईस्टर्न फ्रीवेवर सोडत नाहीत, शिवडीलाच उतरायचं. आणि ते तुमच्या सोयीचंच आहे, कारण तिथून भायखळ्याची राणीची बाग जवळ. मोठ्यांना ५० आणि लहानांना २५ तिकीट, पोरांना पेंग्विन. बुधवारी बंद असते, तुम्हाला प्रश्न नाही.

बागेत भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर एक मोठा दगडी हत्ती उभा आहे, लोक त्याच्याकडे न बघता पुढे जातात. तो पोरांना नक्की दाखवा. तो मूळचा घारापुरीचा, त्या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. शनिवारी हत्ती बघितला आणि रविवारी तो जिथे उभा होता ते बेट बघितलं की पोरांच्या डोक्यात ते कायमचं बसतं, मी आमच्या भाच्यांच्या बाबतीत बघितलंय.

डबे बसमध्येच उघडा, मग दादर. आधी चैत्यभूमी. तुमच्यातल्या ज्यांना आवर्जून जायचंय त्यांना घाई करू नका. बाबासाहेबांवर ७ डिसेंबर १९५६ ला इथे अंत्यसंस्कार झाले आणि ती जागा शांतपणे बघायची आहे, आत जाऊन हात जोडून पाच मिनिटांत बाहेर असं नाही. लागूनच दादर चौपाटीवर माता रमाबाई आंबेडकर स्मृती व्ह्यूइंग डेक आहे, बसायला जागा आहे, समोर सी लिंक दिसतो. आज्यांना इथे बसवा. मग सिद्धिविनायक, शनिवारी दुपारी मंगळवारसारखी गर्दी नसते.

आता खरी गंमत. सिद्धिविनायकाला मेट्रो ३ चं स्टेशन आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ही मेट्रो थेट कफ परेडपर्यंत जाते. बस सोडून द्या आणि सगळ्यांनी मेट्रोने चर्चगेट. लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, अख्खा प्रवास जमिनीखालून, पोरं खूश. संध्याकाळी साडेपाचला मरीन ड्राइव्ह, सूर्य बुडेपर्यंत कठड्यावर नुसतं बसा. अंधार पडला की चालत किंवा मेट्रोने सीएसएमटी. १८८७ ची इमारत, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत, रात्री दिवे लागले की समोरच्या महापालिकेच्या इमारतीसकट बघत राहावं असं दिसतं. परत मेट्रोने बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि बस तिकडेच बोलवायची, शनिवारी संध्याकाळी ऑफिसं बंद असतात त्यामुळे तो भाग मोकळा असतो. तिथून वाशी.

रविवारी लोकलच्या भरवशावर राहू नका, हार्बर लाइनला मेगाब्लॉक असतो बऱ्याच वेळा. रविवारी पहाटे रस्ते रिकामे असतात, बसनेच गेटवे गाठा.

सुनंदा_वाशी

डबलडेकर, प्लॅन छान आहे पण सत्तरीच्या बायका पहाटे चारला उठून रात्री दहापर्यंत पायावर? मला नाही पटत. दादर झाल्यावर ज्यांचे पाय दुखतायत त्यांना घेऊन बस सरळ वाशीला जाऊ दे, दोघी-तिघी तरण्या सोबत. त्यांनी समुद्र दादरला बघितलेला असेलच, मरीन ड्राइव्ह रविवारी दुपारी निघताना बसमधून दाखवा.

डबलडेकर

हे बरोबर आहे. मान्य. बस दोन फेऱ्या मारेल एवढंच, पण त्याचे किलोमीटर आधी बोलून घ्या.

कृष्णाकाठ_वाई

बापरे, किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. मॅरेथॉनचं तर आमच्यात कुणाच्या गावीही नव्हतं. काल बैठक घेतली आणि सगळं वाचून दाखवलं. रात्रीचा प्रवास रद्द, यावर एकीचंही दुमत नाही. तारीख फेब्रुवारीतली घेतोय, शिवरात्र बघून. संकटकाळच्या दरवाजाचं वाचल्यावर एका मावशींनी स्वतःहून सांगितलं की गाडी बघायला मी येणार.

आता वाद फक्त एलिफंटावर अडलाय. निम्म्या म्हणतात जायचंच, निम्म्या म्हणतात अर्धा दिवस जातो आणि पायऱ्या आहेत, आज्यांचं काय. आणि बोटीची भीती पण आहे काही जणींना, ती मागची दुर्घटना सगळ्यांनी बातम्यांत बघितलीये. काय करावं?

उरणची_लेक

माझं माहेर उरण तालुक्यातलं, घारापुरी आमच्याच तालुक्यात येते, म्हणून लिहिते.

भीती खोटी नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणं गेली. तेव्हापासून लाइफ जॅकेटबद्दल कडक झालंय. जॅकेट अंगात घालून पट्टे बांधल्याशिवाय तुमच्यातल्या कोणीही बोटीत बसायचं नाही, गरम होतंय म्हणून काढायचं नाही, आणि लहान पोरांना लहान मापाचं मागायचं, मोठ्यांचं जॅकेट पोराच्या अंगातून वर निसटतं. गर्दीने भरलेली बोट दिसली तर सोडा, पुढची घ्या.

बाकी जाण्यासारखं आहे का तर आहेच. सोमवारी लेणी बंद असतात, रविवारी चालू. पहिली बोट नऊच्या सुमारास धरा, तासभर लागतो. धक्क्यावर उतरलं की पायऱ्यांपर्यंत छोटी आगगाडी आहे, लांब धक्का चालायचा वाचतो. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा-बांगड्या-टोप्यांची दुकानं आणि वर ताडपत्र्या, त्यामुळे ऊन लागत नाही. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते, खुर्चीला बांबू बांधलेले असतात आणि चौघं उचलतात, भाव आधी ठरवा. माकडांपासून जपा. हातात काकडी, चिप्स, पाण्याची बाटली काही दिसलं की ओढून नेतात, पिशवीची चेन सुद्धा उघडतात. खायचं काही असेल तर वर न्यायचंच नाही.

वर गेल्यावर मुख्य लेण्यात घाईघाईने फोटो काढून परत फिरू नका. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की पहिल्यांदा काही दिसत नाही, डोळे स्थिरावेपर्यंत खांबाला टेकून थांबा. मग समोरच्या भिंतीतली ती तीन मुखांची सदाशिवाची मूर्ती हळूहळू उजेडात येते. दीड हजार वर्षांच्या आसपासचं काम आहे, उंची अठरा-वीस फूट, आणि मधला चेहरा इतका शांत की आमच्या सोबतच्या बडबडणाऱ्या पोरांचा आवाज सुद्धा आपोआप खाली आला होता. बाजूच्या मूर्तींचे हात-पाय तुटलेले बघून वाईट वाटतं. अर्धनारीश्वर बघायला विसरू नका.

बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन छोटी गावं आहेत. मुंबईचे दिवे समोर दिसत असून तिथे वीज २०१८ ला पोचली, समुद्राखालून केबल टाकून. त्यामुळे पाणी, सरबत, जेवण तिथल्या बायकांकडून घ्या, जरा महाग वाटलं तरी. सगळं बोटीने येतं त्यांचं.

आज्यांचं म्हणाल तर ग्रुपचे दोन भाग करा. ज्यांना जायचंय त्या एलिफंटा. बाकीच्यांना गेटवेहूनच अर्ध्या तासाची हार्बरची फेरी मिळते, बोटीत बसल्याचं समाधान होतं आणि पायऱ्या नाहीत. मग चालत जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, सव्वादहाला उघडतं, आत बाग आहे, बसायला बाकं आहेत. दीड-पावणेदोनला सगळ्या परत एका जागी.

गिरगावकर

भेटायची जागा "गेटवेपाशी" अशी ठरवू नका, तिथे रविवारी हजारो माणसं असतात. समोरच्या बागेतल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी ठरवा, तो कुणालाही विचारला तरी दाखवतो आणि फोन बंद पडला तरी सापडता.

वेळ उरला तर पोरांना सीएसएमटीहून ११५ नंबरची एसी डबलडेकर दाखवा, नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपर्यंत जाते, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर ट्रिप वसूल. आणि हुतात्मा चौक वाटेतच आहे, दोन मिनिटं थांबा. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी तिथे गोळ्या झेलल्यात, पोरं पुस्तकात शिकतात, जागा दाखवायला पाहिजे.

कृष्णाकाठ_वाई

दोन भाग करायचं सगळ्यांना एकदम पटलं, वादच मिटला. चौघींपैकी एक आजी मात्र हट्टाने म्हणतायत की मी डोली बिली काही घेणार नाही, मांढरदेव दर वर्षी चढते, या सव्वाशे पायऱ्या काय घेऊन बसलात. त्यांना घेऊन जातोय.

शेवटचं एक. खरेदी कुठे बसवावी? साड्या आणि बाकी किरकोळ. आणि दादरला सगळ्यांनी एकत्र कुठे खावं?

डबलडेकर

साड्यांसाठी क्रॉफर्डच्या बाजूचं मंगलदास मार्केट सगळे सांगतील, पण ते रविवारी बंद असतं आणि शनिवारी तुमच्याकडे वेळ नाही. दादरला हिंदमाता आणि रानडे रोड बघा, दादरचा बाजार सोमवारी बंद असतो, शनिवार-रविवार चालू. चैत्यभूमी झाल्यावर ज्यांना सिद्धिविनायकाच्या रांगेत लगेच उभं राहायचं नाही त्यांनी तासभर रानडे रोड करावा. एक तास म्हणजे एकच तास हे आधी ठरवा, नाहीतर मरीन ड्राइव्हचा सूर्य गेला.

खाण्यासाठी आस्वाद किंवा प्रकाश, दोन्ही शिवाजी पार्कच्या बाजूला, पण चाळीस जणं एकदम गेलात तर कुठेच जागा होणार नाही, आठ-आठच्या घोळक्याने जा. साबुदाणा वडा, पियूष, थालीपीठ. वडापाव खायचा तर कीर्ती कॉलेजच्या गल्लीत, चुरा मागून घ्या.

घाटवाट

रविवारी मुंबई चारच्या आत सोडा. साडेनऊ-दहापर्यंत वाईत पोचता. ट्रॅव्हल्सवाला म्हणेल अजून थोडं फिरा, किलोमीटर त्याचेच वाढतात. परतीची वेळ करारावरच लिहून घ्या आणि ड्रायव्हरला रविवारी दुपारी दोन तास झोपायला मिळेल असं बघा, तुम्ही बेटावर असताना त्याला कोणी फोन करायचा नाही.

कृष्णाकाठ_वाई

लिहून घेतलं सगळं. उद्या आगारात आणि दोन ट्रॅव्हल्सवाल्यांकडे कोटेशनला जातोय, आकडे आले की इथेच टाकते, घाटवाट दादा तेवढं बघून सांगा.